‘बसायचं का?’ : वऱ्हाडातल्या परमिट रूमची दीडशे वर्षांची गोष्ट

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन वाचा. दुसरं काही घेऊन वाचलं तरी हरकत नाही, कारण विषय तोच आहे.

मराठीत ‘बसणे’ हे क्रियापद किती सभ्य आहे बघा. ‘संध्याकाळी बसायचं का?’ असं मित्रानं विचारलं की कुठं, कशाला, काय घेऊन, असा एकही प्रश्न आपण विचारत नाही. सगळं समजलेलं असतं. घरी सांगताना मात्र ‘जरा बसलो होतो मित्रांसोबत’ एवढंच सांगायचं. पिणं हा शब्द आपण तोंडातून काढत नाही. असं आडून बोलायची सवय आपल्याला कुठून लागली? माझं म्हणणं असं की ती नुसत्या लाजेतून आलेली नाही. ती आपल्या कायद्यातून आली आहे, आणि त्या कायद्याचा इतिहास अमरावती-अकोल्याच्या मातीतून जातो.

पाटीपासूनच सुरुवात करू. ‘अमुक वाईन बार अँड रेस्टॉरंट’, खाली बारीक अक्षरात ‘परमिट रूम’. आत वाईन मागितली तर वेटर आधी तुमच्याकडे बघतो आणि मग मॅनेजरकडे. वाईन बारमध्ये वाईन सोडून सगळं मिळतं. आणि ज्या कायद्याखाली हा बार चालतो, त्याचं नाव आहे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. दारू विकायचं लायसन दारूबंदीच्या कायद्याखाली! हा विनोद नाही, ही आपल्या राज्याची ७५ वर्षांची व्यवस्था आहे.

ती समजून घ्यायची तर जरा मागं जावं लागेल.

मोह, शिंदी आणि सरकारी भट्टी

आपल्याकडची मूळ दारू दोन प्रकारची. वर सातपुड्यात, मेळघाटात मोहाची. खाली नदी-नाल्यांच्या काठी शिंदीची झाडं, त्यांची ताडीसारखी शिंदी. मोहाची फुलं फाल्गुन-चैत्रात पडतात. कोरकू माणूस ती वेचतो, वाळवतो. त्यातली काही खाण्यात जातात, काही गाळण्यात. देवाला, लग्नाला, मयतीला मोहाची लागते. तिथं ती व्यसन म्हणून वेगळी काढलेली नव्हती, रीतीचा भाग होती. त्यात सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. पण पिणं उघड्यावर होतं, सगळ्यांसमोर होतं, आणि बऱ्याच ठिकाणी बाया-माणसं सोबत होती. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

१८५३ साली निजामाच्या डोक्यावर फौजेच्या खर्चाचं कर्ज चढलं आणि वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. पुढच्या पंधरा वर्षांत दोन गोष्टी झाल्या. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच काळात रेल्वे आली. १८६७ पर्यंत ती अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. अकोला-अमरावतीत जिनिंग-प्रेसिंग आलं, अडते आले, हमाल आले, मजूर आले. रोख पैसा हातात येऊ लागला. आणि रोख पैसा जिथं, तिथं आबकारी.

आबकारीचा हिशोब सरळ होता. घरी गाळणं गुन्हा. गाळायची ती सरकारच्या परवानगीनं, विकायची ती ठेकेदारानं, आणि ठेका द्यायचा तो पैसे बघून. म्हणायला धोरण असं की लोकांनी कमीत कमी प्यावी आणि सरकारला महसूल जास्तीत जास्त मिळावा. आता जास्तीत जास्त महसूल हवा असलेला माणूस कमीत कमी पाजेल का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. तिकडे ठाणे-कुलाब्याकडे तर १८९२ साली मोहाची फुलं बाळगण्यावरच कायदा केला. दारू राहिली बाजूला, झाडाचं फूलच संशयित झालं!

याच काळात दारूची जात ठरली. साहेबासाठी कॅम्पात बाटलीबंद येणारी ती विलायती. रयतेची ती देशी. आजही आपण ‘इंग्लिश’ आणि ‘देशी’ म्हणतो. कायद्याच्या भाषेत तर आपल्याच राज्यातल्या कारखान्यात बनलेली व्हिस्की आजही ‘विदेशी मद्य’ आहे. इंग्रज गेला, पण बाटलीवरची वर्णव्यवस्था तशीच राहिली. बारमध्ये बसणारा तो ‘बसतो’, देशीच्या दुकानासमोर उभा राहणारा तो ‘बेवडा’. दोघांच्या पोटात जातं तेच.

शेणगावचा झिंगराजी

या आबकारीच्या हिशोबाची दुसरी बाजू बघायची असेल तर अंजनगाव सुर्जीकडे या. शेणगावात झिंगराजी जानोरकर नावाचे परीट समाजातले शेतकरी होते. दारूपायी शेती गेली, घर गेलं, आणि शेवटी तेही गेले. तेव्हा मुलगा जेमतेम आठ वर्षांचा. आई सखुबाई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. मुलाचं नाव डेबूजी. पुढं जग त्याला गाडगेबाबा म्हणू लागलं.

आपण गाडगेबाबांचं नाव विद्यापीठाला दिलं, झाडू हातात घेऊन फोटो काढले. पण बाबांच्या कीर्तनात दारू आणि कर्ज हे दोन शब्द परत परत का येत, हे बघितलं पाहिजे. ते उपदेशातून आलेले शब्द नव्हते. बापाची शेती दारूत गेलेली, मामाची सावकारीत गेलेली. जातीच्या रीतीप्रमाणं बारशाला मटण-दारू द्यायची असते, तिथं डेबूजीनं मुलीच्या बारशाला गोडाचं जेवण वाढलं. भावकीत केवढी कुरबुर झाली असेल! १९०५ साली त्यांनी घर सोडलं, ते त्याच्या बऱ्याच नंतर. म्हणजे दारूबंदीचा वऱ्हाडातला पहिला मोठा ठराव कुठल्या सभेत नाही, एका घरातल्या बारशाच्या पंगतीत झाला.

आणि हा ठराव कायद्याचा नव्हता. बाबांनी कुणाला तुरुंगात टाका म्हटलं नाही. समोर बसलेल्या माणसाला प्रश्न विचारले आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेतलं.

काँग्रेसची बंदी

स्वातंत्र्यचळवळीला दारूचा मुद्दा दोन कारणांनी सापडला. एक नैतिक, दुसरं सरकारच्या तिजोरीवर घाव. १९०८ मध्ये टिळकांनी पुण्यात दारूच्या दुकानांसमोर निरोधन चालवलं. १९३० मध्ये गांधींनी हे काम खास करून बायकांवर सोपवलं. इथं बायका दारूच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. ग्राहक म्हणून नाही, पहारेकरी म्हणून.

१९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडानं स्वतःचा दारूबंदी कायदा केला. सगळीकडे एकदम नाही, निवडक भागांत. स्वातंत्र्यानंतरही आपण नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात होतो, आणि तिथंही हाच प्रकार राहिला: काही जिल्हे कोरडे, काही ओले. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमानं दारूबंदीचा प्रयत्न करणं हे राज्याचं कर्तव्य म्हटलं, पण कधीपर्यंत ते सांगितलं नाही.

तिकडे मुंबई राज्यात मोरारजी देसाई गृहमंत्री. १९४९ चा कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण बंदी आली. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टानं बलसारा खटल्यात कायदा मूळात टिकवला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनंसुद्धा अडवणारी कलमं काढून टाकली. म्हणजे कफ सिरप आणि सेंट वाचले.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. योगायोग बघा, त्यानंतर सात आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ ला, वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांनी देह ठेवला. आणि १९५९ साली मुंबईचा दारूबंदी कायदा विदर्भाला लागू झाला. बाबांनी जे माणसाला विचारून करायचा प्रयत्न केला, ते आता फौजदारी कलमानं होणार होतं.

परमिट म्हणजे काय?

मागं अकोल्याचा एक मित्र अमरावतीत कामानं आला होता. जुना मित्र. आमच्या भागातल्या एका बारमध्ये बसलो. मी सहज विचारलं, ‘कारे, परमिट हाय का तुह्याकडे?’ तो म्हणे, ‘कायचं परमिट? गाडीचं?’ पन्नाशीचा माणूस, तीस वर्षांपासून बसतो. परमिट रूममध्ये बसून परमिट म्हणजे काय हे त्याला माहीत नाही. त्याचा दोष नाही. आजूबाजूच्या दहा टेबलांवर विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं.

तर परमिट म्हणजे हे. आपल्या कायद्यात दारू पिणं हा मूळात गुन्हा आहे, आणि परमिट ही त्यातून सूट आहे. सुरुवातीला ही सूट प्रकृतीच्या कारणासाठी मिळे. डॉक्टरनं लिहून द्यायचं की याची तब्येत टिकायला महिन्याला इतके युनिट लागतात. सगळं मुंबई राज्य असं कागदावर आजारी पडलं. आजही एका दिवसाचं परमिट पाच रुपयांचं, देशीचं दोन रुपयांचं, वर्षाचं शंभर, आयुष्यभराचं हजार. कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं. परमिट नसताना हातात ग्लास धरलेला माणूस कायद्यानं आजही गुन्हेगार आहे.

यावर मित्र जे बोलला ते मला विसरता येत नाही. म्हणाला, ‘म्हणजे पोलिसाले वाटलं तर गुन्हा, नाई वाटलं तर नाई. मंग कायदा कोनाच्या खिशात हाय?’

सगळा मुद्दा इथंच आहे. जो नियम सगळेच मोडतात, तो नियम राहत नाही, तो कुणाच्या तरी हातातला दांडका होतो. आणि तो दांडका ‘इंग्लिश’वाल्यावर क्वचित पडतो, हातभट्टीवाल्यावर, मोहाच्या मडक्यावर हमखास पडतो.

पुसदचे मुख्यमंत्री

बंदी का ढिली झाली? हातभट्टी घरोघर पोचली, विषारी दारूनं माणसं मेली, आणि तिजोरीत पैसा येईना. पुसदचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांच्या सरकारनं साठच्या दशकाच्या मध्यापासून बंदी सैल केली, आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले, सरकारमान्य दुकानं आली. आपल्याकडे देशीला ‘संत्रा’ म्हणतात. वरुड-मोर्शीचा संत्रा उत्पादक भावासाठी रडतो आणि त्याच्या फळाचं नाव बाटलीत सुखानं नांदतं, असो.

नाईकांनी कायदा मात्र रद्द केला नाही. बंदीचा कायदा तसाच ठेवला आणि त्याला सुटींची ठिगळं लावली. राजकारण म्हणून हे समजतं. गांधींचं नाव घेणारा पक्ष दारूबंदी उठवली असं कसं म्हणणार? पण परिणाम असा झाला की विक्री सुरू झाली आणि लाज कायम राहिली. सरकारचा धंदा आणि नागरिकाचा गुन्हा, दोन्ही एकाच छताखाली.

बारची रचना आता या नजरेनं बघा. काळ्या काचा, जाड पडदा, बुटके दिवे. खिडकी नाही. असली तर बंद. भर दुपारी आत रात्र. माणूस तिथं बसायला जात नाही, लपायला जातो. आणि लपायला गेलेला माणूस गप्पा मारत एक ग्लास दोन तास पुरवत नाही, तो भराभर संपवतो आणि मागच्या दारानं निघतो. तिथं बाई दिसली तर सगळ्या टेबलांच्या माना वळतात. ‘फॅमिली रूम’ नावाचा एक कप्पा असतो, तिथंही बहुतेक फॅमिली नसतेच. मेळघाटात जे पिणं सगळ्यांसमोर होतं, ते दीडशे वर्षांत आपण शहरातल्या अंधाऱ्या खोलीत आणून ठेवलं. सगळ्यांसमोर पिताना जो धाक असतो, तो या अंधारात राहिला नाही.

नदीपलीकडे कोरडं

आता शेजारी बघा. धामणगाव रेल्वेहून पुलगावकडे निघालं की मध्ये वर्धा नदी लागते. अलीकडे परमिट, पलीकडे बंदी. वर्धा जिल्हा गांधी-विनोबांचा म्हणून सत्तरच्या दशकापासून कोरडा. गडचिरोली १९९३ पासून कोरडी, तिथं डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासह गावोगावच्या लोकांनी आंदोलन उभं केलं होतं. चंद्रपुरात बायकांच्या मोर्चांनंतर १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि मे २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. बंदीमुळे अवैध दारू वाढली हे त्याला दिलेलं कारण. एका विदर्भात तीन कायदे, आणि नदीवरचा पूल हा त्यातला सर्वांत वाहता रस्ता.

रस्त्यावरून आठवलं. डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं, १ एप्रिल २०१७ पासून. आपला जुना हायवे नंबर ६, आताचा ५३, मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून जाणारा. एका रात्रीत कुलुपं लागली. उद्देश अपघात कमी करण्याचा, चांगलाच होता. मग पुढच्या काही महिन्यांत छोट्या गावांसाठी अंतर २२० मीटर झालं, आणि पालिका हद्दीला सूट मिळाली. कुलुपं उघडली. अंतर मोजायच्या टेपवर सगळ्यांची नजर होती, वस्तीतल्या माणसाला कुणी विचारलं नाही.

वस्तीला विचारायची एकच तरतूद आपल्याकडे आहे. २००८ चा आदेश. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. पण अट अशी की मत देणाऱ्यांपैकी नाही, एकूण मतदार महिलांपैकी निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीला पडायला हव्यात. म्हणजे जी बाई त्या दिवशी सोंगणीला गेली, माहेरी गेली, भीतीनं घरात बसली, तिचं मत आपोआप दुकानाला. आमदार-खासदार निवडायला अशी अट लावून बघा, किती निवडून येतात ते!

तरीही ही आडवी बाटली मला वऱ्हाडाच्या दारूच्या इतिहासातली सर्वांत लोकशाही गोष्ट वाटते. आबकारी ठेकेदाराला विचारायची. काँग्रेस तत्त्वाला विचारायची. नंतरची सरकारं तिजोरीला विचारू लागली. सखुबाईला पहिल्यांदा विचारलं ते २००८ मध्ये.

वाईन नावाचं कोडं

आता थोडं खऱ्या वाईनबद्दल. महाराष्ट्रानं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, नाशिककडे वायनऱ्या वाढल्या. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं की मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटात वाईनचं कपाट ठेवता येईल. द्राक्ष शेतकऱ्याचं भलं होईल हा युक्तिवाद. अण्णा हजारेंनी विरोध केला, गदारोळ झाला आणि निर्णय बासनात गेला. नाशिकच्या द्राक्षासाठी एवढी धडपड, आणि मेळघाटातल्या मोहाच्या फुलांवरचे साठवणूक-वाहतुकीचे निर्बंध उठायला २०२१ उजाडलं. फूल मोकळं झालं, ते गाळणं मात्र आजही गुन्हा. आपल्या मातीतली दारू आपल्या एकाही बारच्या मेनूकार्डावर नाही.

जून २०२५ मध्ये सरकारनं दारूवरचं शुल्क जबर वाढवलं, वर्षाला १४ हजार कोटी जास्तीचे येतील असा अंदाज सांगितला. परमिट रूमवरचा व्हॅट त्याआधीच ५ वरून १० टक्क्यांवर गेला होता. १४ जुलैला राज्यभर बारवाल्यांनी बंद पाळला. चर्चा सगळी करावर झाली. महाग झाल्यावर ‘इंग्लिश’वाला देशीकडे आणि देशीवाला हातभट्टीकडे सरकतो, हे १९५० पासून आपल्याला माहीत आहे. त्यावर कुणी बोललं नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेत जाहीर झालं की हाउसिंग सोसायटीच्या इमारतीत नवं दुकान काढायचं तर सोसायटीची ना-हरकत लागेल. चांगलंच आहे. पण सोसायटी नसलेल्या वस्तीचं काय? अकोला-अमरावतीतली बरीच वस्ती ले-आउट आणि चाळीवजा घरांची आहे. त्यांची ना-हरकत कोण घेणार?

मग मागायचं काय?

मी बंदीचा माणूस नाही. बंदीनं हातभट्टी वाढते, हप्ता वाढतो, हे आपण तीन पिढ्या बघितलं. आणि ‘पिणाऱ्याचं पिणाऱ्यापाशी’ असंही मी म्हणणार नाही. झिंगराजीचं त्याच्यापाशी राहिलं नाही, ते सखुबाईपाशी आलं, आठ वर्षांच्या पोरापाशी आलं. कापसाचा चुकारा हातात पडतो त्या आठवड्यात कुठल्याही तालुक्याच्या गावी जाऊन बघा, आजही येतं.

म्हणून तीन साध्या गोष्टी. एक, परमिटचं नाटक संपवा. वय, वेळ आणि गाडी चालवण्याचा नियम कडक पाळा, पण सज्ञान माणसाला कागदावर गुन्हेगार किंवा आजारी ठरवू नका. दोन, आडव्या बाटलीचं मतदान इतर मतदानासारखं करा, जितक्या बाया मत देतील त्यांच्या निम्म्याहून जास्त. आणि दुकान उघडायच्या आधीही तसंच विचारा, सोसायटी असो की नसो. तीन, पडदे काढा. जिथं बसायचं तिथं उजेड असू द्या, रस्त्यावरून दिसू द्या, बाईमाणूस निर्धास्त येऊ शकेल असं असू द्या. जिथं बहीण-बायको शेजारच्या टेबलावर बसलेली असेल, तिथं माणूस चौथा पेग मागवताना विचार करतो.

आपल्या गावांत बसायच्या जागा होत्या. पार होता, चावडी होती, रसवंती होती. शहरात चहाची टपरी आणि पानठेला उरला, तिथं उभं राहावं लागतं. दोन मित्रांना संध्याकाळी दोन तास सुखानं बसून बोलायचं तर अंधाऱ्या खोलीशिवाय जागा नाही, ही पिणाऱ्यांची तक्रार म्हणून सोडून देऊ नका. महानगरपालिकेनं उत्तर द्यावं असा हा प्रश्न आहे.

तुमच्या वॉर्डात, तुमच्या गावात कधी आडव्या बाटलीचं मतदान झालं असेल तर काय झालं ते खाली लिहा. विशेषतः बायांनी लिहा. दीडशे वर्षं बाकी सगळे बोलून झाले आहेत.